प्रेमकथेचं बाड प्रकाशकाकडे पाठवण्यापूर्वी

डोंबिवली पूर्वेला जिन्याखालच्या एका गाळ्यात मी 19 वर्षं वाचनालय चालवलं. एका वेळी एक पुस्तक, एक मासिक, उशीर झाला की दिवसाला आठ आणे. गाळा गेला, पुस्तकं एका शाळेला दिली आणि आता पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशकासाठी मी घरबसल्या बाडं वाचते. सगळी हस्तलिखितं हल्ली टाइप होऊन ईमेलने येतात, तरी आमच्या धंद्यात त्याला बाडच म्हणतात. वर्षाला शंभरेक येतात, त्यातल्या निम्म्या प्रेमकथा. 'साभार परत'ची पत्रं मीच लिहिते. ती लिहिताना त्याच त्या चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर सांगून टाकावं.

वाचनालयात बायका पुस्तक हातात घेऊन, मागचा मजकूर वाचून, वर एकच प्रश्न विचारायच्या: "शेवट गोड आहे ना?" एकदा घाईत मी "हो हो" म्हणून टाकलं. ती सभासद नर्स होती, रात्रपाळीची. पुस्तकातला नायक शेवटून दुसऱ्या प्रकरणात जातो. चौथ्या दिवशी तिने पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "पहाटे तीन वाजता वॉर्डात रडत बसले होते. मरणं बघायला मला पुस्तक लागत नाही हो." पुढे दोन महिने ती माझ्या हातून पुस्तक घेईना, स्वतः कपाटातून काढून घ्यायची.

प्रेमकथेचा पहिला नियम मी त्या दिवशी शिकले. वाचकाला शेवट आधीच माहीत असतो. तो पैसे मोजतो ते दोघं तिथवर कशी पोचतात यासाठी. अमेरिकेत 1980 साली सुरू झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघाच्या व्याख्येतही दोनच अटी आहेत: प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. लग्नच व्हायला पाहिजे असं नाही. दोघं एकत्र आहेत आणि राहतील असं वाटलं की पुरे. तुमची नायिका शेवटी एकटी राहात असेल, नायक कर्करोगाने जात असेल, तर कादंबरी वाईट ठरत नाही, पण ती सामाजिक कादंबरी म्हणून पाठवा. आपल्याकडे वाचनालयात प्रेमकथेचं वेगळं कपाट नसतं, सगळं 'सामाजिक'मध्येच लागतं, त्यामुळे लेखकांचाही गोंधळ होतो. प्रकाशकाचा होत नाही, कारण मलपृष्ठावर काय छापायचं हे त्याला ठरवावं लागतं.

अडचण कुठे आहे?

बाड उघडलं की मी सगळ्यात आधी अडचण शोधते. दोघं एकमेकांना आवडतात हे पाचव्या पानावर कळलेलं असतं. मग पुढची दोनशे पानं ती एकत्र का येत नाहीत? याचं उत्तर ज्या बाडात धड नाही ते मी साठाव्या पानापुढे वाचत नाही. खोटं कशाला बोलू.

सगळ्यात जास्त येतो तो गैरसमज. तो तिला कॅफेत कुणा तरुणाबरोबर हसताना बघतो, मन मोडून बंगळूरला निघून जातो, आणि दीडशे पानांनंतर कळतं की तो तिचा मावसभाऊ होता. आमच्या ऑफिसात याला नावच पडलंय: मावसभाऊ-कादंबरी. एका फोनने मिटणारं भांडण दीडशे पानं ओढलं की वाचकाला नायकाची कीव येत नाही, राग येतो. त्यानंतर खलनायिका आत्याबाई. त्यानंतर अपघात आणि स्मृती जाणं. आणि जात आडवी येते तेव्हा लेखक फारच घाईत असतात. शेवटच्या प्रकरणात बाबा म्हणतात "पोरांनो, माझे डोळे उघडले" आणि संपलं. ज्या माणसाचे डोळे तीस वर्षं मिटलेले आहेत ते एका परिच्छेदात उघडत नाहीत. लेखकाने जातीला हात घातला तर तिने कथेला पुरतं हलवलं पाहिजे, नाहीतर घालूच नये.

आम्ही घेतलेल्या एका बाडाचं सांगते, नावं बदलून. तासगावची गोष्ट. मेधाच्या वडिलांची दोन एकर द्राक्षबाग, दरवर्षी बेदाणा करतात आणि सौद्याला नेतात. अडत्याकडून, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडून, घेतलेली उचल वर्षानुवर्षं फिटलेली नाही. अडत्याला अर्धांगवायू झाल्यावर त्याचा मुलगा संग्राम दुकान बघतो. पहिल्या मसुद्यात दोन घराण्यांचं वैर होतं, पंधरा वर्षांपूर्वीची मारामारी होती, एक दुष्ट चुलताही होता. आम्ही लेखिकेला फोन करून विचारलं, हे सगळं काढलं तर काय उरतं? ती म्हणाली, खातेवही उरते. दुसरा मसुदा आला तेव्हा वैर गायब होतं. संग्रामला ती आवडते आणि तो उधारी माफ करायला तयार आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. खातं उघडं असताना मेधा 'हो' म्हणाली, तर ती प्रेमाने म्हणाली की उधारीपोटी, हे तिला स्वतःलाच कधी कळणार नाही. त्याने माफ केलं तर त्याने तिला विकत घेतल्यासारखं होतं, आणि हे त्याला तिच्याही आधी कळतं. मग मार्चमध्ये शेडवर वाळत घातलेल्या बेदाण्यावर अवकाळी पाऊस पडतो आणि उधारी वाढते. पाऊस बाहेरून आला, पण त्याने घाव घातला तो बरोबर आतल्या गाठीवर. ते वाचताना माझा चहा गार झाला.

तुमचं बाड पाठवण्याआधी हे करून बघा. एक वाक्य लिहा: "तिला तो हवा आहे, पण ती हो म्हणू शकत नाही, कारण..." 'कारण'च्या पुढे सासू, मामा, बॉस किंवा ट्रक आला तर अजून काम बाकी आहे. तिथे तिची स्वतःची भीती, स्वाभिमान, दिलेला शब्द, लपवलेली चूक असं काही यायला हवं. मग तेच वाक्य त्याच्यासाठी लिहा. दोघांची कारणं एकमेकांत अडकलेली असली की कादंबरी स्वतःच्या पायांवर चालते.

दुसरी तक्रार लहान आहे. नायक-नायिका फार उशिरा भेटतात. तिचं बालपण, आजोळ, दहावीचे गुण, आईचं आजारपण असं सगळं होऊन चाळिसाव्या पानावर तो येतो. पहिल्या पंधरा पानांत दोघं समोरासमोर हवीत. आजोळ नंतर सांगता येतं.

'तुम्ही' कधी 'तू' होतं

याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मराठीत प्रेमकथा लिहिणाऱ्याच्या हातात जे हत्यार आहे ते इंग्रजीत लिहिणाऱ्या बिचाऱ्यांकडे नाही. 'सर' पासून 'तुम्ही' आणि 'तुम्ही' पासून 'तू' हा प्रवास म्हणजेच अर्धी कादंबरी. ठरवून झालेल्या लग्नात तो पहिल्या दिवसापासून तिला 'तू' म्हणतो आणि ती 'अहो' म्हणते. ती पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारते तो प्रसंग तुम्ही कुठे ठेवलाय? हॉलमध्ये सगळ्यांसमोर, की बाहेर पावसात, की भांडताना रागाच्या भरात? प्रत्येक जागेचा अर्थ वेगळा.

एका बाडात 61व्या पानावर 'तू', 63व्यावर 'तुम्ही', 64व्यावर परत 'तू'. मला वाटलं काहीतरी बिनसलंय दोघांचं, मी उत्सुकतेने पुढे वाचत गेले. लेखकाला विचारलं तर म्हणे, "ते टायपिंगमध्ये झालं असेल." बाड परत गेलं. आणि दुसरं एक बाड, त्यात 47 वर्षांची विधवा आणि पोस्टातून निवृत्त झालेला गृहस्थ. दीडशे पानं अहो-जाहो. तिच्या आईला दवाखान्यात ठेवलेलं, रात्री कॉरिडॉरमध्ये तो डबा घेऊन येतो आणि म्हणतो, "जेवलीस का?" बस. ती उत्तर देत नाही, डब्याचं झाकण काढायला लागते, ते निघत नाही, प्रकरण संपतं. मी ते पान तीनदा वाचलं. त्या बाडात एकही चुंबन नव्हतं, कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

म्हणून शेवटचा हात फिरवताना एक फेरी फक्त सर्वनामांसाठी करा. दोघांचे सगळे संवाद वेगळे काढून सलग वाचा. आणि बोली वापरणार असाल तर कान शाबूत ठेवा. कोल्हापूरकडची मुलगी "मी जातो" म्हणते हे ऐकून माहीत असलेला लेखक पहिल्या संवादात ओळखू येतो. मालिकेतून बोली उचललेला त्याहून लवकर.

शयनगृहाचं दार

किती उघडं ठेवायचं, हा प्रश्न लेखिका पत्रात विचारत नाहीत, मग फोनवर हळू आवाजात विचारतात. माझं उत्तर असं: जे लिहिलंय ते पत्रात एका ओळीत सांगा. 'प्रणयप्रसंग सूचक आहेत' किंवा 'दोन प्रसंग मोकळे आहेत.' काही प्रकाशकांची विक्री सार्वजनिक ग्रंथालयांवर चालते, ते दार लावून घेतात, काहींना चालतं. दोन्हीत कमीपणा नाही. या वादाला आपल्याकडे इतिहासही आहे. चंद्रकांत काकोडकरांची एक प्रेमकथा 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरलं, 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 292 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 294 आहे. छोट्या प्रकाशकाला कोर्टाच्या फेऱ्या परवडत नाहीत, एवढं लक्षात ठेवा म्हणजे तो कधी कधी घाबरट का वाटतो ते कळेल. मला स्वतःला मोकळा प्रसंग चालतो, त्यानंतर दोघांमधलं काहीतरी बदललं पाहिजे एवढंच. बदललं नाही, तर तो काढून टाकला तरी कादंबरीला कळत नाही.

दोघंही सज्ञान हवीत, यावर चर्चा नाही.

आणि पाठलाग. ती 'नाही' म्हणते, तो तीन महिने तिच्या क्लासबाहेर उभा राहतो, शेवटी ती विरघळते. अजूनही महिन्याला एक तरी बाड असं येतं, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा बाईनेच लिहिलेलं. कायद्याने 2013 पासून हा वेगळा गुन्हा आहे. माझ्या वाचनालयात कॉलेजच्या मुली अशा पुस्तकांवर पेन्सिलने शेरे लिहायच्या, ते शेरे इथे देण्यासारखे नाहीत. नायकाने चिकाटी दाखवायला हरकत नाही, पण ती स्वतःला सुधारण्यात दाखवावी.

ऑनलाइन मालिका आणि गाण्यांच्या ओळी

प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर दीडशे भाग लिहिलेली मंडळी आता बरीच येतात. त्यांचा हात चालता असतो, संवाद जिवंत असतात, वाचक सोडून जाऊ नये म्हणून काय करायचं हे त्यांना पक्कं कळतं. पण दीडशे भाग एकामागून एक चिकटवले की कादंबरी होत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी दरवाजा वाजतो, फोन येतो, कुणीतरी "थांब!" म्हणतं; पुस्तकात सलग वाचताना दर चार पानांनी ही थांब-थांब ऐकून माणूस थकतो. मागच्या भागाची उजळणी काढा, निम्मे धक्के काढा, लोकांनी कमेंटमध्ये मागितली म्हणून वाढवलेली नणंद काढा. साधारण तिसरा हिस्सा उरला तर बरोबर चाललंय. कथा आधी कुठे आली होती ते पत्रात लिहा, आणि त्या ठिकाणाशी केलेला करार आधी नीट वाचा. हक्क तुमच्याकडेच नसतील तर आम्ही काय छापणार?

प्रकरणाच्या माथ्यावर भावगीताच्या ओळी घालायची हौस आपल्याला फार. आपल्याकडे लेखन कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत संरक्षित असतं. भा. रा. तांबे 1941 मध्ये गेले, त्यांच्या ओळी मोकळ्या आहेत. गदिमा 1977 मध्ये गेले. 2037 सरेपर्यंत परवानगी लागेल, आणि ती मिळवण्याची दगदग तीनशे प्रतींच्या पुस्तकासाठी कुणी करणार नाही. सिनेमाच्या गाण्याचं तर नावच नको. ओळ काढा. "रेडिओवर ते गाणं लागलं" एवढ्यावर वाचकाचं काम भागतं, चाल तो स्वतः आठवतो.

आकार, फॉन्ट, पत्र

50 हजार शब्द म्हणजे डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकारात साधारण 200 पानं. छपाई 16 पानांच्या फर्म्यात होते, म्हणजे साडेबारा फर्मे. पहिल्या कादंबरीच्या आम्ही 300 ते 500 प्रती काढतो. सव्वा लाख शब्दांचं बाड आलं की प्रकाशक आधी कागदाचा हिशेब करतो, मग किंमत, आणि नव्या नावासाठी तेवढी किंमत वाचक देत नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. 45 ते 60 हजारांत बसवा.

मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. श्री-लिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधली फाइल माझ्या संगणकावर उघडली की पानभर चिन्हांची रांगोळी दिसते. पीडीएफ नको, वर्डची फाइल हवी, पानांना क्रमांक हवेत. मोबाइलवर बोलून टाइप केलं असेल तर एकदा मोठ्याने वाचा. एका बाडात नायक नायिकेची 'मूठ' ऐवजी 'मोट' धरत होता, सात वेळा.

पहिली तीन प्रकरणं आणि एक पानाचा सारांश एवढंच आधी पाठवा. सारांशात शेवट सांगा. "पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा" असं लिहिणाऱ्याला वाटतं मी उत्सुक होईन. मी फक्त पुढचं बाड उघडते. पत्र साधारण असं असावं:

"नमस्कार. सोबत माझ्या प्रेमकादंबरीची तीन प्रकरणं आणि सारांश जोडला आहे. कादंबरी पूर्ण झाली आहे, 52 हजार शब्द. तासगावच्या बेदाणा बाजारात घडते. अडत्याच्या मुलावर प्रेम असूनही वडिलांची उधारी फिटेपर्यंत होकार न देणाऱ्या मुलीची ही गोष्ट आहे. प्रणयप्रसंग सूचक आहेत. शेवट सुखाचा आहे. हा मजकूर याआधी कुठेही प्रसिद्ध झालेला नाही. मी आठ वर्षं बाजार समितीत लिपिक आहे."

संपलं पत्र. लहानपणापासूनची वाचनाची आवड, शाळेतलं निबंधाचं बक्षीस, "मैत्रिणींना फार आवडली" हे नको. शेवटचं वाक्य मात्र हवं, कारण त्यावरून कळतं की सौदा कसा चालतो हे या बाईने डोळ्यांनी बघितलंय. एकाच ईमेलमध्ये अठरा प्रकाशकांचे पत्ते दिसतील असं पाठवू नका. आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो.

पैशांचं

पुष्कळ छोटे प्रकाशक लेखकाकडून खर्च घेतात. ते उघडपणे सांगत असतील तर तो एक व्यवहार आहे, करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मात्र प्रती किती, त्यातल्या तुमच्या किती, उरलेल्या कुठे ठेवणार हे लिहून घ्या. आधी "कादंबरी निवडली" असं कौतुकाचं पत्र आणि आठवड्याने रकमेचा आकडा, असं झालं तर सावध व्हा. माझ्या एका मैत्रिणीच्या दोनशे प्रती अजून तिच्या दिवाणाखाली आहेत.

करार एका पानाचा असला तरी नीट वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क लेखी, सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि करारात वेगळं काही नसेल तर हक्क घेऊन वर्षभर ते वापरलेच नाहीत, की हक्क तुमच्याकडे परत येतात. ऑडिओ, ई-बुक, मालिका, भाषांतर यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. "सर्व हक्क कायमस्वरूपी" या शब्दांवर सही करू नका, प्रकाशक कितीही गोड बोलत असला तरी. आमचाही.

कधी पाठवायचं? जुलैपासून छोट्या प्रकाशकाकडची माणसं दिवाळी अंकांच्या प्रूफांत बुडालेली असतात, आणि ही माणसं म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन. दिवाळीनंतर हिशेब, मग ग्रंथप्रदर्शनं. फेब्रुवारी ते मे बरा काळ. तीन महिने वाट बघा, मग एक ओळीची आठवण करा, फोन नको. दुपारी दोन ते चार तर नकोच, मी तेव्हा बाडं वाचत असते.